कडक इस्त्रीखालचं पत्र

दि. ३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मला लिव्हरचा कॅन्सर झालाय हे तुला मावशीकडून कळलं, आणि मी चोरून पितो हे मावशीला तुझ्याकडून. ताई, मी शाळेची बस चालवतो. पिऊन चालवली असती तर पोरांनीच मला पकडून दिलं असतं.

डॉक्टर म्हणाले, दारूचा काही संबंध नाही. रक्तात कावीळ बीचा विषाणू सापडलाय. तो वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो आणि मग एखाद्याचं असं करतो. बहुधा जन्मतानाच आईकडून आला असावा. तेव्हा तू आणि आई रक्त तपासून घ्या, वेळेत कळलं तर गोळ्या आहेत. तुझ्या नातवाला लस दिलीय का, तेही सूनबाईला विचार.

आईला बघावंसं फार वाटतं. आठ दिवस तुमच्याकडे येऊ का?

लोभ आहेच, थोडी अब्रूही परत दे.
तुझा धाकटा


दि. १९ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दारू नाही हे वाचून जीव भांड्यात पडला, आणि पुढचं वाचून पुन्हा बाहेर आला. तुझं पत्र खाली आमच्या इस्त्रीच्या दुकानात नेऊन, जंतू मरावेत म्हणून कडक इस्त्रीखाली घातलं. एक कोपरा जळला, पण मावशीबद्दलचं शाबूत आहे. गेल्या खेपेला तू चहा प्यायलास तो कप सूनबाईनं कचऱ्यात टाकला. घरात तान्हं बाळ आहे, यायचं नावही काढू नकोस.

आणि खापर आईवर फोडतोस? जन्म दिला तिच्याच रक्तात खोट काढतोस? आम्ही सगळे ठणठणीत आहोत. शाळेच्या सहली घेऊन तू कुठे कुठे मुक्काम करतोस, ते मी बोलत नाही. आईला सांगितलंय, तुला सुट्टी मिळत नाही म्हणून.

लोभ आहे, पण तूर्त लांबूनच बरा.
तुझी ताई


दि. २१ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मला आता फार वेळ लिहवत नाही म्हणून हे तुझी भावजय लिहून घेतेय. मुक्कामांबद्दलचं तिनंही वाचलं.

कपानं, कागदानं, एका ताटात जेवल्यानं हे लागत नाही. तरी तुझ्या मनासारखं होऊ दे. मी घरात येत नाही. दुकानासमोरच्या फुटपाथवर उभा राहतो, तू आईला वरच्या खिडकीशी आण. ती हात हलवेल आणि मी परत फिरेन. पोट फुगत चाललंय, तेव्हा लवकर कळव. रक्ताचं मात्र विसरू नकोस.

लोभ खिडकीएवढा तरी असावा.
धाकटा


दि. २ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

उत्तर द्यायचं राहिलं, रागावू नकोस. माझ्या मुलानं हट्टानं सगळ्यांचं रक्त तपासायला दिलं. आईच्या रक्तात तोच विषाणू निघाला, आणि माझ्याही. बाळाला तर जन्मल्याबरोबर दवाखान्यातच लस दिली होती. कशाची, ते सूनबाईनं कधी विचारलंच नव्हतं. म्हणजे तुला अडवायचं काही कारणच नव्हतं रे.

आता माझा कप वेगळ्या फळीवर असतो. बाळाला घ्यायला गेले की सूनबाई म्हणते, त्याला झोप आलीय. हातात बाळाची झबली तेवढी येतात, तीही इस्त्रीपुरती. कपानं लागत नाही ते तू येऊन तिला समजावून सांग, माझं ती ऐकत नाही. लगेच ये. आईच्या खोलीतच तुझं अंथरूण घालते. ती रोज विचारते, धाकट्याला सुट्टी कधी मिळणार.

चुकले मी. लोभ कमी करू नकोस.
तुझी ताई


दि. १४ सप्टेंबर

वन्संना नमस्कार.

हे गेल्या महिन्यात गेले. शेवटपर्यंत पोस्टमनची चौकशी करत होते. खिडकीचं उत्तर येईल, म्हणून प्रवासाचा शर्ट काढून ठेवायला लावला होता. तोच घालून नेलं. तुम्हाला कळवू नये, असं मीच ठरवलं. सासूबाईंना काय सांगायचं ते तुम्ही बघा, सुट्टीचं तुम्हाला छान जमलं होतं.

तुमचं पत्र काल आलं. आमच्याकडे इस्त्री नाही. शेजारून मागून आणली, पाकिटावर दोन्ही बाजूंनी फिरवली आणि मग उघडलं. लेक बघत होती, तिनं विचारलं, असं का करतेस. मी सांगितलं, आत्याच्या घरी आजार आहे.

कळावे. लोभ होता.