ह्याला कधी टाकताय?

दादा,

काल डॉक्टरीणबाईंनी आपल्या घरी येऊन सगळ्यांना धाकट्या भावासोबत बसवलं. अट एकच होती, त्याच्याबद्दल जे बोलायचं ते त्याच्याशीच बोलायचं. तू गाडीची किल्ली फिरवत मला विचारलंस, "ह्याला दवाखान्यात कधी टाकताय?" मला तुझी किळस आली. मग मीही बाईंना सांगितलं, "ह्याला आवाज ऐकू येतात, हा जेवत नाही." तेव्हा स्वतःचीही आली.

तू निघून गेल्यावर बाईंनी त्याला विचारलं, "ते आवाज काय म्हणतात?"

"शिव्या घालतात," तो म्हणाला. "पण निदान माझ्याशी बोलतात."

बघ, या पत्रातही तो नुसता 'तो'च आहे. म्हणून पाठवत नाही.

अगदी तुझ्यासारखीच,
तुझी बहीण