मोर कोण धरणार?

मेलबर्न, ३ नोव्हेंबर १९८७

चि. झेलिग यास ब्रायनाताईचे अनेक आशीर्वाद. एकशेवीस वर्षं जग, दृष्ट न लागो, थू थू थू.

आपली रविवारची यिडिश भाषेची शाळा अखेर बंद होतेय. हॉल विकला. परवा समितीची बैठक झाली. माणसं चार, मतं पाच! पिन्ये म्हणतो, दोष माझाच, मी मुलांना फार ओरडायचे. मी म्हटलं, मेल्या, तेव्हा ओरडायला मुलं तरी होती. खुर्च्या गेल्या, कपाटं गेली. राहिला आईचा मोर.

बाबांनी देवधर्म सोडून सिनेगॉगची पायरी चढणं बंद केलं तेव्हा आईनं त्यांच्या काळ्या पट्ट्यांच्या प्रार्थनेच्या शालीचं शाळेसाठी निशाण केलं आणि मधोमध आपल्या यिडिश गाण्यांतला सोन्याचा मोर भरला. आधी एका कोपऱ्याचा गोंडा तेवढा कापला, मेलेल्या माणसाला शालीत गुंडाळताना कापतात तसा. बायकोनं मला जिवंतपणीच पुरलं, असं सांगत बाबा तो कोपरा आल्यागेल्याला दाखवायचे. केवढा अभिमान होता त्यांना त्याचा!

संग्रहालयवाले म्हणतात, तळघरात पेटीत ठेवू. आपली माणसं पेटीत गेली ती काय कमी झाली? मोर मला माणसाच्या हातात हवाय, आणि त्या माणसाला यिडिश कळायला हवी. एवढंच मागणं आहे. तुझ्याकडे आहे का रे असं कोणी?

तुझ्या लोभावरच चाललंय, तो आटू देऊ नकोस.
तुझी ताई

मॉन्ट्रियल, २० नोव्हेंबर १९८७

ती. ब्रायनाताईस झेलिगचा सा. न.

पिन्ये खरं तेच बोलला. मी अजून स्वप्नात तुझा आवाज ऐकून दचकतो. इथे बर्फ पडलाय आणि मला खोकला धरलाय. माझी रेझल गेल्यापासून घरात भांडायला कोणी उरलं नाही. दिवसभरात यिडिश बोलतो ती फक्त रेडिएटरशी, आणि तो नुसता फुसफुसतो.

तरी ऐक. माझ्या नातीला, तालियाला, मोराचं वेड आहे. कानात मोर, पिशवीवर मोर, कॉफीच्या कपावर आपली अक्षरं. शब्द येतात दहा-बारा, निम्मे खाण्याचे आणि निम्मे शिव्यांचे. हसू नकोस, तुझी सुरुवातही तिथूनच झाली होती. पोरगी गुणी आहे. दर रविवारी तिला शिकवायचं ठरवलंय. पहिला धडा मोर आल्यावर. ताई, किती वर्षांनी मला सकाळी उठावंसं वाटतंय म्हणून सांगू!

लवकर पाठव. माझ्या खोकल्याला धीर नाही.

होतो तसाच, तुझ्या धाकातला,
झेलिग

मेलबर्न, २१ डिसेंबर १९८७

चि. झेलिग यास अनेक आशीर्वाद.

सोबत मोर. शेपटीचे टाके उसवले होते, ते घातले. उन्हात टांगू नका म्हणून तालियाला बजाव.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांत लहान मुलानं मोर धरून हॉलला फेरी मारायची, ही आपली रीत. सवयीनं उभी राहिले आणि विचारलं, मोर कोण धरणार? जमलो होतो आम्ही सहा म्हातारी माणसं. पाहिलं तर सगळ्यांत धाकटी मीच, चौऱ्याहत्तर वर्षांची! दुखरा गुडघा धरून फेरी मारली. पिन्ये ढसाढसा रडला आणि मग म्हणाला, वाकडा धरला होतास. घरी येऊन बिटाचं सार केलं, ते खारट झालं.

झेलिग, तू गेलास तर मी कोणाशी भांडू रे? इंग्रजीत मला नीट रागावताही येत नाही. तेव्हा खोकला बरा कर, हा हुकूम समज. मोर पोचल्याच्या दोन ओळी आपल्या भाषेत लिही. तालियाकडून एक शब्द लिहून घे, कसलाही, शिवी चालेल.

वाट बघणारी,
ताई

मॉन्ट्रियल, ३० जानेवारी १९८८

प्रिय ब्रायना आजी,

इंग्रजीत लिहितेय, माफ कर. आजोबा २६ डिसेंबरला गेले. छातीत कफ साठला होता. तुला फोन करायचा होता, पण त्यांच्या वहीतली नावं तुमच्या लिपीत आहेत आणि तुझं कुठलं ते मला कळेना. बाबांनाही वाचता येत नाही.

पार्सल ते गेल्यावर आलं, त्यावर तुझा पत्ता इंग्रजीत होता. मोर बघून मी खूप रडले. एका कोपऱ्याचा गोंडा तुटला होता, तो नवीन लावून घेतला, आता अगदी पूर्ण दिसतो. आत तुझं पत्रही होतं. काय सुंदर अक्षर आहे! फ्रेम करून मोराशेजारी टांगलंय. येणारे सगळे विचारतात, त्यात काय लिहिलंय. मी सांगते, आमची संस्कृती. फोटो पाठवतेय.

खूप प्रेम,
तालिया

मेलबर्न, ९ फेब्रुवारी १९८८

चि. झेलिग,

आशीर्वाद आता कसले देऊ?

महिना उलटून बातमी आली की सात दिवस सुतक धरायचं नाही, तासभरच बसायचं. बसले. सोबतीला पिन्ये आला होता. तासाभरात काय होतं रे?

फोटो बघितला. बाबांचा कापलेला कोपरा पोरीनं शिवून टाकला. माझा गुडघा, खारट सार, तुझ्यावरचा हुकूम, सगळं काचेमागे आहे. ते कोणीच वाचलं नाही. आणि पत्र उलटं टांगलंय.

तिच्यावर रागवायला बसले होते. जमलं नाही. तिनं टाकून तर दिलं नाही ना! तिला समजवायला तू हवा होतास, गाढवा. निदान एक रविवार तरी थांबायचंस.

हे पत्र तुझ्याच पत्त्यावर धाडतेय. तालिया तेही लावेल भिंतीवर. वरच्या बाजूला पेन्सिलीनं एक बाण काढलाय, म्हणजे एवढं तरी सरळ टांगेल.

तुझी ताई