टायरले तेल

३ ऑक्टो. ७९
वरठीच्या फाटकापाशी मागचा टायर बसला. आठवड्यात तिसऱ्यांदा. सायकल हातात धरून कारखान्यात पोचलो, अर्धा तास उशीर, सकाळी सकाळी फोरमनचं तोंड पाह्यलं. थू त्या टायरवर. आणि याच सायकलनं मी जानेवारीत मोहाडीहून पुरीले जाणार. समुद्र पाहायले. वय अडतीस, जन्म गेला तलावाच्या पाळीवर, समुद्र पाह्यला तो फक्त कॅलेंडरवर. नऊ वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा एकगठ्ठा रजा भेटली आहे, पुन्हा कोणी देणार नाही.
बाकी सगळं जमलं. टायर पाहिजेत.

७ ऑक्टो.
भंडारा. दुकानदार म्हणे लोखंड आहे लोखंड. दोन बोटांत दुमडला तर आतलं कापड पापडासारखं कुरकुरलं. त्याले दाखवलं. तर म्हणे, दुमडायले कोणं सांगितलं? असे टायर बाजारले जायले ठीक. लोकांना लाज नावाची चीज राह्यली नाही.

१४ ऑक्टो.
तुमसर. नायलॉनचा टायर, काळाभोर, चमकून राहिला होता. मन गेलं. हात लावला तर बोटं काळी. बुटाचं पॉलिश! दोन उन्हाळे दर्शनी खिळ्यावर टांगून तडकलेला माल, वरून पॉलिश मारून नवा केला. बोटं त्याच्या पांढऱ्या गादीले पुसली अन् उठलो. दोघांनाही समजलं.
घरी आलो तर बा अंगणात बैलगाडीच्या आसाले ओंगण लावून राहिला होता. विचारते, "भेटलं काय चाक?" चाक नाही बा, टायर. शंभरदा सांगितलं.

१९ ऑक्टो.
गफूरभाई बरा. मोहाडीत सायकल दुरुस्त करणारा हा एकच माणूस खरं बोलते, तेही पान थुंकल्यावर. म्हणे, "रिक्शाचा टायर लाव. वजनानं मरशील, पन पंचरनं नाही मरनार." पटलं. रिक्शात दोन माणसं अन् वरून तांदळाचं पोतं बसते, तरी टायर टिकते. जाड कापड, जाड दात. नागपूरले भेटीन म्हणते.

२८ ऑक्टो.
नागपूर. तीन दुकानं, दोन चोर. तिसऱ्यानं गोडाउनातून कागदात गुंडाळलेली जोडी काढली. दुमडून पाह्यलं, नखानं खरवडून पाह्यलं, कड तपासली, वास घेतला. ताजं रबर. दुकानदार म्हणे, साहेब टायर घेऊन राहिले की पोरीसाठी स्थळ पाहून राहिले? हसलो. या महिन्यातलं पहिलं हसू.
रोजच्या रस्त्यावर झिजवायचे नाहीत. लग्नातलं धोतर घालून कोणी धानाची रोवणी करत नाही. माळ्यावर खुंटीले टांगले. बा कितीतरी वेळ खाली उभा राहून पाहत होता. म्हणे, "हे नेईन काय तुले तेथपर्यंत?" म्हटलं, नेईन.

११ नोव्हें.
धान कापणं सुरू. आज बांधीवर जो भेटला त्यानं सल्ला दिला. एक म्हणे रेल्वे कायले काढली मंग सरकारनं. दुसरा म्हणे पुरीले पाय लागले की माणूस वारते. ज्यानं साकोलीच्या पुढं पाय टाकला नाही, त्याले पुरीची सगळी माहिती. किळस आली ऐकून ऐकून.
बायको कुसुम तेलावरून ओरडली. जवसाच्या तेलाची बाटली दहा दिवसांत संपली. मांजरीवर आळ गेला.

२ डिसें.
पुन्हा तेल संपलं. आता आळ माझ्यावर. म्हणे चटणीवर धार धरता तुम्ही. बा मान खाली घालून जेवत होता. तोही म्हणे, "हो, थो लई तेल खाते." घरातही माझ्या बाजूनं कोणी नाही.

२७ डिसें.
लिहू काय?
निघायले सहा दिवस. टायर बसवायले खाली काढले. हाताले चिकटले. रबर फुगलेलं, अंग मऊ, दात अंगठ्यानं दाबले तर दबतात अन् तसेच राहतात. जवसाच्या तेलाचा वास. मी वर पाह्यलं, खाली पाह्यलं, मंग बाच्याकडे पाह्यलं. बा खुश!
"रोज सकाळी एक हात फिरवला. दोन महिने. तू ड्यूटीवर गेला का मी माळ्यावर."
मी विचारलं, काहून?
"काहून म्हंजे? लाकडाले तेल, चामड्याले तेल, बैलाच्या शिंगाले तेल. ज्याले तेल भेटते थे टिकते. दूरचा रस्ता हाय तुया."
मी काय बोललो ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. म्हटलं, तुझ्या अकलेले वाळवी लागली बा, पह्यले तिले तेल चोप. कुसुमसमोर. शेजाऱ्यांसमोर.
बानं बाटली कोनाड्यात ठेवली अन् बाहेर गेला.

२८ डिसें.
गफूरभाईनं टायर दाबले. थुंकला. म्हणे एकाले जास्त पाजलं, एकाले कमी. कमीवाला थोडा चालीन, जास्तवाल्याचं अल्ला जाने. नागपूरले जाणाऱ्या माणसाले निरोप दिला होता, तो सांजेले परत आला. ती जोडी महिनाभर येणार नाही. गेली रजा. गेला समुद्र. थू.
बा जेवला नाही. म्हणे भूक नाही.

३० डिसें.
आज मशीनचा पट्टा बदलला. नव्या हेल्परवर खेकसलो, पट्ट्याले तेल लागू देऊ नको बे, तेल रबर खाऊन टाकते. आणि तसाच उभा राह्यलो.
नऊ वर्षं झाली, रोज हेच ओरडून राहिलो कारखान्यात. घरी एकदा तोंड उघडलं नाही. बा खाली उभा राहून टायर पाहत होता तेव्हाच सांगता आलं असतं, हात लावू नको, तेल लावू नको. पण मले तर त्याच्या तोंडून 'चाक' ऐकलं की कपाळात तिडीक. आता स्वतःचीच किळस येऊन राहिली. बुटाले पॉलिश मारणारा तो तुमसरचा बरा, त्याले निदान माहीत होतं आपण काय करून राहिलो ते.
बाशी बोलायले गेलो. तो सुपात लाखोरीची डाळ निवडत होता. मान वर केली नाही. मीही परत आलो. दोघं एका मातीचे.

१ जाने. ८०
गफूरभाईकडे. ठरवलं, निघायचं. कमी तेलाचा टायर मागं, आतून जुन्या टायरचं गेटीस म्हणजे ठिगळ लावून. जास्त तेलाचा पुढं, पुढं वजन कमी. दोन्ही राखेनं घासून कोरडे केले. जुना टायर आठाच्या आकड्यात वळून कॅरिअरले बांधला. गफूरभाई म्हणे, "जुने दोन लावून जा, काहून या सडक्यावर जीव टाकते?" म्हटलं, जुने वरठीपर्यंत पोचत नाहीत. हे खरं आहे. पण सगळं खरं नाही.

२ जाने.
निघालो. कुसुमनं दशम्या बांधल्या. बा दारात. मले वाटलं होतं शेताकडे जाईन. त्यानं वाकून पुढचा टायर पाह्यला. ओळखला. मंग माझ्याकडे पाह्यलं. पाच दिवसांनी पहिला शब्द:
"हेच लावले?"
हो म्हटलं.
"मले मालूम नोतं रे."
मालूम मले होतं बा. एवढं म्हणायचं होतं. मी पायडल मारलं. मागून बा ओरडला, समुद्राचं पानी खरंच खारं हाय का थे चाखून ये.

३ जाने. देवरीच्या पुढं
रस्ता बेकार. मागचा ठीक. पुढच्याले धूळ, गवत, ट्रकमधून सांडलेला भुसा, सगळं चिकटून राहिलं. जवसाचा वास अजून येते. एका चहावाल्यानं विचारलं, याले तळलं काय?

४ जाने. राजनांदगाव
पुढच्या टायरले कडेजवळ फुगा आला आहे. लिंबाएवढा. दोरीनं रिमभोवती आवळून बांधला, त्यामुळं पुढचा ब्रेक सोडावा लागला. दर फेऱ्याले ठक, ठक. इथले दोन मिस्त्री पाहून हसले. एकानं नवा म्हणून दाखवला, हात लावला, बोटं काळी. इथंही!
डाकघरातून कार्ड घेतलं. बाले वाचता येत नाही, कुसुम वाचून दाखवीन, शेजारी ऐकतील. म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं: बा, माझंच चुकलं. तुले सांगाले पाहिजे होतं. टायर मस्त चालून राहिले.
पेटीपाशी गेलो, टाकलं नाही. पहिली दोन वाक्यं खरी आहेत, तिसरं अजून नाही. रायपूर उद्या. कार्ड तिथं टाकीन. तोपर्यंत त्या फुग्यानं दम धरला पाहिजे.