खोन केनची मे

खोन केन, थायलंड
१२ जानेवारी १९८६

चि. रमास अनेक आशीर्वाद.

हे पत्र बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. इथल्या साखर कारखान्यात क्रेन बसवायचं काम नीट चालू आहे. कोंबडीला इथं 'काय' म्हणतात. पहिले दोन दिवस मी ताटातल्या प्रत्येक गोष्टीला 'काय?' विचारत राहिलो आणि दरवेळी कोंबडीच आली. हस आता.

रविवारी फोरमन गावाबाहेरच्या एका हॉटेलात घेऊन गेला. पत्र्याचं छप्पर, बसायला चटया, समोर दोन पुरुष लांबीची कोळशाची भट्टी. बांबूच्या चिमट्यांत धरलेल्या चाळीसेक कोंबड्या. भाजणारी साठीची बाई. सगळे तिला 'मे' म्हणतात, म्हणजे आई. कान भट्टीकडे करून उभी, मध्येच हात घालून नेमकी एखादी उलटायची. कातडी कुरकुरीत, लसूण-मिऱ्याचा वास पार हाडापर्यंत, सोबत बोटांनी गोळा करून खायचा चिकट भात. असं जन्मात खाल्लं नव्हतं. अर्धं जेवण झाल्यावर कळलं, तिला दिसतच नाही. रमा, घास हातातच राहिला गं.

आईची काळजी घे.
तुझा तेजदादा

भिलाई
३ फेब्रुवारी १९८६

ती. तेजदादास रमाचा सा. न. वि. वि.

पत्र बाबांनी तीनदा वाचून घेतलं. आधी म्हणाले, पोट्टा भोळा हाये, कोनी तरी फसवलं त्याले. तुला ठाऊकच आहे, डोळ्यांची नस सुकली, इलाज नाही, असं दिवाळीत नागपूरच्या डॉक्टरनं सांगितल्यापासून ते व्हरांड्याच्या पुढं गेले नाहीत. सव्वीस वर्षं कारखान्याच्या भट्टीवर निळ्या काचेतून पोलादाचा रंग पाहून ताव सांगणारा माणूस. आता चहाचा कपही आई हातात देते.

संध्याकाळी एकदम विचारलं, की ते बाई आवाजावरून वळखते का हाताले लागनाऱ्या धगीवरून? दिवाळीपासून त्यांनी काही विचारलेलं हे पहिलंच. आई पदर डोळ्याला लावून आत गेली. दादा, जाऊन विचारून ये. नुसती कोंबडी खाऊन येऊ नको.

माया आहेच, ती वाढू दे.
रमा

खोन केन
२३ फेब्रुवारी १९८६

ती. बाबांच्या चरणी शि. सा. न.

विचारलं. फोरमन दुभाष्या झाला. ती म्हणाली, दोन्हीवरून. चरबी निखाऱ्यावर पडली की आधी जोरात चरचरते. आवाज बारीक झाला की उलटायची. ताव मात्र हाताच्या पाठीला कळतो. माझं मनगट धरून तिनं भट्टीवरून फिरवलं. मला सगळीकडे सारखीच धग लागली. ती म्हणाली, इथं कमी आहे. वाकून पाहिलं, तर तिथलेच निखारे राखेनं झाकले होते.

मी तुमच्याबद्दल सांगितलं. तिनं बाह्या वर करून कोपरापर्यंतचे डाग दाखवले. नजर गेल्यावर सालभर ती रोज कोंबड्या जाळायची म्हणे. एकदा नवरा भट्टी विझवायला उठला, तर तिनं हातातला पंखा त्याला फेकून मारला.

तिनं तुम्हाला विचारलं आहे, पोलाद उकळतं तेव्हा कसं ऐकू येतं? तुम्ही सांगा.

आपला तेजराम

भिलाई
१७ मार्च १९८६

ती. तेजदादास सा. न.

सोबतची दोन पानं 'मे'ला वाचून दाखव. बाबांनी सांगितली, मी लिहिली. पोलादाचा आवाज त्यांनी तोंडानं काढून दाखवला, तो काही मला लिहिता आला नाही.

काल त्यांनी अंगणात स्वतः सिगडी पेटवली. आई ओरडली, कावून जळून घेता म्हणून. ते म्हणाले, तू बाजूले हो, मले ऐकू दे. वांगं भाजलं. एकीकडून कोळसा, दुसरीकडून कच्चं. तिघांनी मिळून संपवलं. बोटाला चटका बसला आहे, तो उठून शेजारीपाजारी दाखवून राहिले.

शेवटची ओळ त्यांनी स्वतः लिहिली. माझ्या अक्षरांवर चढली आहे, सांभाळून वाच.

तुझी रमा

वांगं घाईनं उलटलं. आज पुन्हा भाजून राहिलो.