अक्काचा हुंकार

जळगाव,
१२ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
तुझ्या मयुरीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी मजेत आहे. हॉस्टेलच्या वांग्याच्या भाजीला तुझ्या हातची चव नाही, पण पोट भरतं. शिंदखेड्याला थंडी कशी आहे? तुझा लाडका लेक समाधानदादा सकाळी शेतात जाताना मफलर बांधतो का, की अजून हिरोगिरीच चालू आहे?

रोज संध्याकाळी फोन करणारी भाची आज पत्र का लिहायला बसली, असं तुझ्या मनात आलं असेल. ते सांगतेच, पण आधी गोड बातमी. निकाल लागला. सगळे विषय सुटले, आणि जो पेपर मला हमखास लोळवायचा, त्यात मी वर्गात पहिली आले. माझी रूममेट सदफ तर माझ्याआधी नाचली.

अक्का, हे मार्क तुझे आहेत. तोंडदेखलं बोलत नाहीये.

पहिल्या वर्षी माझे विषय राहिले, तेव्हा मी बॅग भरून बसले होते. अभ्यास करत नव्हते असं नाही. मार्कर फिरवून फिरवून पुस्तक पिवळं धमक करून टाकलं होतं. वाचताना सगळं ओळखीचं वाटायचं, पेपर हातात आला की डोकं कोरं. बी. फार्म. माझं काम नाही, मी घरी येते, असं म्हणत तुझ्यापाशी फोनवर रडले. तू रागावली नाहीस, समजूतही घातली नाहीस.

"रडीसन झालं का? आते सांग, आज काय शिकनी?"

"तुला नाही कळणार गं."

"नही समजनं ते गप बससू. तू सांग, मी हुंकार देस."

लहानपणी ओट्यावर शेंगा फोडताना तू गोष्ट सांगायचीस आणि हुंकार द्यायचं काम माझं असायचं. मी पेंगले, हुंकार थांबला, की तू राजाला तिथेच घोड्यावर बसवून ठेवायचीस. ऐकणाऱ्याचा हुंकार नाही तर गोष्ट पुढे जायची नाही, हा आपल्या घरचा कायदा. तोच तू माझ्या अभ्यासाला लावलास. त्या दिवशीचं त्याच दिवशी सांगायचं, पुस्तक मिटून सांगायचं, आणि तुझा हुंकार थांबला की मागे जाऊन परत सांगायचं.

तुला गोळीच्या आवरणाचं आठवतं? काही गोळ्या पोटात विरघळत नाहीत, पुढे आतड्यात जाऊन विरघळतात, असं मी मोठ्या ऐटीत सांगत होते. तुझं "हं" आलंच नाही. मग म्हणालीस, "तिले कसं समजस व, पोट सरनं म्हनीसन?" खरंच, पोट संपलं हे गोळीला कळतं कसं? पाठ होतं, समजलेलं नव्हतं. पुस्तक पुन्हा उघडलं. पोटात आंबटपणा जास्त, आतड्यात कमी, आणि ते आवरण आंबटात टिकतं, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. यंदा पेपरात तोच प्रश्न आला. मी मनात तुलाच सांगत लिहीत गेले.

आता इथे मेसमध्ये आम्ही पोरी तसंच बसतो. एक सांगते, बाकीच्या हुंकार देतात. सदफचा हुंकार फार महाग, सहजासहजी मिळत नाही. ती अमळनेरची, पण या खेळात तुझी खरी शिष्या शोभते.

आता जे फोनवर सांगता येईना, ते.

गेल्या महिन्यात मी तुला एक धडा सांगत होते. तुझं "हं, हं" छान चाललं होतं. मध्येच मी विचारलं, "अक्का, आज भाजी काय केलीस?"

तू म्हणालीस, "हं."

मला वाटलं, गंमत करतेस. पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. पुन्हा "हं." मी फोन ठेवला नाही. धडा शेवटपर्यंत सांगितला.

दिवाळीत मी कानांचा विषय काढला, तर तू उडवून लावलास. "कान म्हातारा हुई ग्यात. मशीन लाईसन मी काय कलेक्टर हुसू?" तेव्हा मीही हसले. आता कळतं, तुला ऐकू येत नव्हतं आणि माझी गोष्ट थांबू नये म्हणून तू हुंकार देत राहिलीस. किती दिवसांपासून, ते मी विचारणार नाही.

माझा एक शब्दही ऐकू येत नसताना तू इतका वेळ फोन धरून बसायचीस, अक्का. एवढं माझ्यासाठी कुणी केलेलं नाही.

इथल्या कानाच्या डॉक्टरांची पुढच्या सोमवारची वेळ घेतली आहे. दादाला सांगितलंय, तो तुला रेल्वेने घेऊन येईल. अमळनेर स्टेशनवर सदफची आई, जरीनाचाची, डबा घेऊन उभी राहणार आहे. नाही म्हटलंस तर तिचा स्वयंपाक वाया जाईल. मशीन लागलं की पहिल्या दिवशी धडाबिडा काही नाही. घोड्यावर बसवून ठेवलेल्या त्या राजाचं पुढे काय झालं, ते तू सांग. हुंकार मी देईन.

एवढंच ऐक. यापुढे समजलं नाही, ऐकू आलं नाही, तर "हं" म्हणू नकोस. गप्प राहा. तुझ्या गप्प राहण्यानेच मी पास झाले.

येशील ना? या प्रश्नाला मात्र हुंकार हवाय, खराखुरा.

तो ऐकायला कान लावून बसलेली,
तुझी मयुरी