ताईची किडनी जुळली होती

ताई,

तुझी किडनी मला जुळत नाही असं सांगितलं, ते धादांत खोटं होतं. छान जुळली होती. पण माझ्या रक्तवाहिन्या खडूसारख्या कडक झाल्यात, टाका घातला तर तडकतील, म्हणून दोन हॉस्पिटलांनी हात वर केले. तुझं पोट उगाच फाडायला नको, म्हणून खोटं बोललो. तू फोनवर रडलीस, म्हणजे खोटं पटलं, आणि मला हायसं वाटलं.

काल तिसऱ्या सर्जनबाईंकडे गेलो. म्हटलं, "बाई, तीस वर्षं नळ जोडतोय. गंजलेल्या पाइपाला जोड देत नाहीत, कळतं मला."

"मग चांगला तुकडा कसा शोधता?"

"पान्याने ठोकत जायचं. आवाज बदलला की तिथे."

त्यांनी स्कॅनवर जांघेच्या वर बोट टेकवलं. "इथे दोन बोटं जागा मऊ दिसतेय. इथेच जोडीन."

मी अट घातली, आधी मला उघडायचं, ती जागा हाताने चाचपायची, पक्की निघाली तरच ताईला हात लावायचा. नाहीतर मला शिवून घरी पाठवा. त्या म्हणाल्या, "अशा पेशंटला मी तसंच करते."

मला जगायचंय, ताई.

हे पत्र मी टाकणार नाही. खोटं फोनवर बोललो, निदान मागणं तरी समोर बसून मागतो. रविवारी येतोय, पाना घेऊन. तुझ्या मोरीतला नळ अजून गळतोय ना? पण आधी मागेन. तू नाही म्हणालीस, तरी नळ नीट करूनच उठेन.

तुझा हट्टी,
धाकटा