न्यायाधीश लेकीची ओटी

अण्णा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षे होत आली, तरी हे तुमच्याखेरीज कोणाला सांगावे ते सुचत नाही. निर्णय देणाऱ्या माणसाच्या घरात कसे वावरावे हे मी तुमच्याकडून शिकले, असा माझा समज होता. वाटणीचे, दत्तकाचे, प्रायश्चित्ताचे प्रश्न घेऊन लोक तुमच्याकडे येत आणि प्रश्न सुटेपर्यंत तुम्ही त्यांच्या घरचे पाणीही घेत नसा. त्यांच्यातल्याच एका गृहस्थाने मला ओंजळभर बोरे दिली, तेव्हा तुम्ही मला चूळ भरायला लावलीत आणि म्हणालात, "गोड लागली, की आपला निम्मा निकाल तिथेच झाला." मी सात वर्षांची होते. बोरे आंबट होती, हे सांगण्याचे धैर्य झाले नाही.

तुमची नात, जिला तुम्ही परकर-पोलक्यात पाहिलेत, आज इथे अमेरिकेत संघीय अपील न्यायालयात न्यायाधीश आहे. आधी सरकारी वकील, मग खालच्या न्यायालयात नऊ वर्षे, मग ही तहहयात नेमणूक. तिच्यापुढे साक्षीदार येत नाहीत. तिघे न्यायाधीश खालच्या न्यायालयाचे कागद पुढे ठेवून वकिलांना प्रश्न विचारतात. सुनावणीसाठी ती दुसऱ्या राज्यात जाते, लिखाण डॅलसच्या कार्यालयात करते आणि रविवारी माझ्याकडे प्लेनोला जेवायला येते.

ती त्या आसनावर बसली आणि माझी नजर बिघडली. माझ्या स्तोत्रपाठाच्या वर्गात कोणी नमस्काराला जरा जास्त वेळ वाकले, की मी मनात तो वेळ मोजू लागले. "काकू, ताई कधी येणारेत?" असे कोणी सहज विचारले, तरी सहज का विचारले याचा विचार करत मी दिवस घालवी. अर्विंगहून एक गृहस्थ आंब्यांची पेटी घेऊन आले, त्यांना मी दारातूनच परत पाठवले. नंतर कळले, त्यांना शेजारच्या घरी जायचे होते.

नवरात्रातल्या रविवारी वर्गातल्या चारपाच जणी माझ्याकडे होत्या आणि लेक अर्ध्या तासासाठी आली. त्यांच्यातली एक, मोठ्या कंपनीच्या मालकाची बायको, खण, तांदूळ आणि नारळ घेऊनच आली होती. "ताई, नाही म्हणू नका हं. माहेरी आलेल्या लेकीला कोणी रिकाम्या ओटीनं पाठवतं का?" लेकीने ओढणी पसरली. कोर्टातला काळा झगा घातला असता तर दोन नारळ मावले असते, असे कोणीतरी म्हणाले आणि सगळ्या हसल्या. ती बाई लेकीच्या पाया पडली. लेक संकोचून मागे सरली.

नऊ दिवसांनी सुनावणीच्या दालनात तीच बाई पहिल्या बाकावर नवऱ्याशेजारी बसलेली लेकीने पाहिली. त्याच्या कंपनीने कामगारांचे पासपोर्ट अडकवून ठेवले होते, असा निकाल खालच्या न्यायालयाने दिला होता. त्याविरुद्धचे हे अपील. लेकीने दोन महिने त्याचे कागद वाचले होते. ती दोघा सहकाऱ्यांना घेऊन आत गेली, ओटीची हकिकत सांगितली आणि त्या खटल्यातून बाजूला झाली. आता तिच्या जागी दुसरे कोणी बसेल. ते कामगार आणखी काही महिने वाट पाहतील.

तेव्हापासून मी त्या बाईचा विचार करते आहे. आधी वाटले, तिला लेकीची कृपा हवी होती. मग वाटले, लेकीचे कामगारांच्या बाजूचे पूर्वीचे निकाल त्यांच्या वकिलांनी वाचलेच असतील. तिला त्या आसनावरून उठवण्यासाठीच तर तो नारळ नव्हता? पाठाला बसले तरी हेच. ओठ स्तोत्र म्हणतात आणि चित्त त्या बाईचा हिशेब करते. ती अजून वर्गाला येते, सर्वांच्या आधी येऊन सतरंजी अंथरते. मी तिच्याकडे पाहत नाही.

पुढच्या रविवारी लेक आली, जेवली नाही. उभ्याउभ्याच तिने विचारले, "आई, ती कोण आहे, तुला माहीत होतं? प्लीज, खरं सांग."

"नाही गं," मी म्हणाले.

"ओके. आय बिलीव्ह यू," ती म्हणाली आणि माझ्याजवळ बसली. कोणाचेही म्हणणे पुराव्यावाचून न स्वीकारणारी ही मुलगी, अण्णा. तिने दुसरा प्रश्नही विचारला नाही.

ओटीच्या आदल्या दिवशी त्या बाईचा मला फोन आला होता. आमची केस ताईंच्याच कोर्टात आहे, तर ओटी भरलेली चालेल ना, असे तिने सरळ विचारले होते. ओटी देवीची, तिला कसली केस, असे मी म्हणाले. एवढ्या श्रीमंत घरची बाई चारचौघींत माझ्या लेकीपुढे वाकणार, ते मला पाहायचे होते.

हे लिहिलेले पत्र लेकीला देता येईल. ती मराठी वाचते, अडखळत का होईना. पण मी ते पोथीच्या बासनात गुंडाळून ठेवते आहे, कारण ते बासन ती कधी सोडत नाही.